सिग्नलवरच्या दोन स्प्लेंडर आणि जगभरातल्या विजा

लाल सिग्नलला दोन स्प्लेंडर शेजारी शेजारी उभ्या आहेत. इंजिनं चालू, चाकं थांबलेली. या दोन गाड्यांच्या प्लगमध्ये मिळून सेकंदाला ४६ ठिणग्या पडतायत. १९९५ साली नासाने कक्षेत सोडलेल्या एका उपकरणाने पाच वर्षं पृथ्वीवर चमकणाऱ्या विजा मोजल्या. साऱ्या जगाची सरासरी निघाली सेकंदाला ४४. विषुववृत्तावरची वादळं, आपल्याकडचा वळवाचा कडकडाट, सगळं धरून. म्हणजे आकड्यांत बघितलं तर सिग्नलवरच्या या दोन गाड्या अख्ख्या पृथ्वीच्या आकाशाला भारी पडतात, आणि तेही ॲक्सिलरेटर न पिळता.

हिशेब सोपा आहे. आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण १,४०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला २३. फोर-स्ट्रोक इंजिनला खरं तर दोन फेऱ्यांमागे एकच ठिणगी लागते. पण स्प्लेंडरसारख्या छोट्या गाड्यांत ठिणगीचा हुकूम देणारा पिकअप क्रँकच्या मॅग्नेटजवळ बसवलेला असतो. चालू फेरा जाळायचा आहे की धूर बाहेर टाकायचा आहे, हे त्याला कळत नाही, म्हणून तो दर फेऱ्याला ठिणगी पाडतो. अर्ध्या ठिणग्या धुरात वाया. कारखान्याला हे माहीत आहे आणि चालतंही, कारण फेरा कोणता ते ओळखायला वेगळा सेन्सर बसवण्यापेक्षा ठिणगी वाया घालवणं स्वस्त पडतं.

गाडी रस्त्याला लागली, ताशी ४० चा वेग आणि इंजिनचे ४,००० फेरे धरले, की किलोमीटरला बरोबर ६,००० ठिणग्या होतात. पुणे-मुंबई एका बाजूने नऊ लाख. जगात वर्षभरात सुमारे १४० कोटी विजा चमकतात. तेवढ्या ठिणग्या पाडायला गाडीला सव्वादोन लाख किलोमीटरच्या थोडं पुढे जावं लागेल. दूधवाल्यांच्या आणि कुरिअरवाल्यांच्या गाड्या तेवढं पळतात.

आता ताकदीचा हिशेब लावला की गर्व उतरतो. आकाशातली एक वीज साधारण १०० कोटी ज्यूलची. प्लगमधली ठिणगी ०.०३ ज्यूलची. तीन ग्रॅमचं नाणं जमिनीवरून मीटरभर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी. एका विजेची बरोबरी करायला ३,३०० कोटी ठिणग्या हव्यात, म्हणजे ५५ लाख किलोमीटर, म्हणजे चंद्रावर सात वेळा जाऊन परत येणं. आणि तरीही एक कोटी मोटरसायकली एकाच वेळी रस्त्यावर आहेत असं धरलं, तर नुसत्या त्यांच्या ठिणग्यांना २० मेगावॉट वीज लागते. कोयनेची पूर्ण क्षमता १,९६० मेगावॉट. तिचा एक टक्का फक्त प्लग पेटवायला.

पेट्रोल आणि हवेचं मिश्रण अगदी योग्य प्रमाणात असेल, तर ते पेटायला किती ऊर्जा लागते? एका ज्यूलचा सुमारे चार हजारावा भाग. ठिणगी त्याच्या शंभरपटीहून जास्त देते. एवढी उधळपट्टी कशाला, असं वाटेल. पण सिलिंडरमध्ये मिश्रण कधीच आदर्श नसतं. थंडीत पेट्रोलचे थेंब वाफ होत नाहीत, प्लगचा धातू स्वतःच उष्णता शोषून घेतो, जुना धूर थोडा मागे राहिलेला असतो. ही शंभरपट म्हणजे राखीव साठा. आणि इग्निशनच्या बिघाडाची सगळी गोम या राखीव साठ्यात आहे. गाडी बिघडत असते महिनोन्‌महिने; थोडं प्लग खातो, थोडं त्याची टोपी, थोडं जुनी वायर. साठा झाकून नेतो. मग एका पावसाळी सकाळी शेवटची शिल्लक संपते आणि मालक गॅरेजमध्ये येऊन सांगतो, “काल रात्रीपर्यंत एकदम मस्त चालत होती हो.” ती मस्त चालत नव्हती, चालून घेत होती.

ऊर्जा एवढीशी असली तरी दाब मात्र भयंकर. बॅटरी १२ व्होल्टची. घरातला स्विचबोर्ड २३० चा. गावाबाहेरून जाणारी, जिच्याखाली उभं राहायला आई मनाई करते ती अकरा हजारी लाइन ११,००० व्होल्टची. मुंबईच्या लोकलच्या डोक्यावरची तार २५,००० ची. मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीखालून, तुमच्या गुडघ्यांच्या मधून, पेन्सिलीएवढ्या जाडीची जी काळी वायर प्लगकडे जाते, तिच्यात २०,००० व्होल्ट उठू शकतात. लोकलच्या तारेच्या जवळपास. माणूस मरत नाही तो एवढ्याचसाठी, की हे व्होल्ट सेकंदाचा हजारावा भागही टिकत नाहीत आणि त्यांच्यामागे ऊर्जा नाण्याएवढीच असते. तरीही चालू गाडीची प्लगची टोपी हाताने उपसू नये. झटका बसलेला हात नेमका गरम सायलेन्सरवर जातो, आणि छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने तर या खेळात पडूच नये.

१२ चे २०,००० होतात कसे? जुन्या बुलेटचं झाकण उघडलं की हे डोळ्यांनी दिसतं. कॉईलमध्ये तारेचे दोन वेढे: एक जाड तारेचा, शे-दोनशे फेऱ्यांचा, दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो फेऱ्यांचा. फेऱ्यांचं प्रमाण साधारण एकास शंभर. पण १२ गुणिले १०० म्हणजे १,२०० च. हिशेब जुळत नाही. बाकीचं काम पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन तुकडे, करतात. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून तीन-चार अँपिअर वाहत असतात. कॅम फिरतो, पॉइंट ०.३५ ते ०.४ मिलिमीटर उघडतात आणि वाहणारा करंट फाटकन तुटतो. भरधाव नळ एकदम बंद केला की पाइप धडकतो, तसं जाड तारेतच दोन-तीनशे व्होल्ट उसळतात. ते शंभरपट झाले की वीस-तीस हजार.

त्या पॉइंटना चिकटून बसलेला कंडेन्सर हा यातला सगळ्यात दुर्लक्षित गडी. त्याची क्षमता एका मायक्रोफॅरडची जेमतेम पाव. पण तो नसेल तर उघडणाऱ्या पॉइंटमध्येच निळी ठिणगी उडत राहते, करंट फाटकन तुटण्याऐवजी रेंगाळत तुटतो आणि प्लगपर्यंत काही पोचतच नाही. पॉइंट काळे पडतात. मेकॅनिक ते पॉलिश पेपरने घासतो, गाडी शंभर किलोमीटर चालते, पुन्हा काळे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पॉइंट वारंवार जळत असतील तर दोष पॉइंटचा नसून कंडेन्सरचा आहे, हे जुन्या बुलेटवाल्यांना पाठ असतं.

त्यांना आणखी एक गोष्ट पाठ असते. हेडलाइटच्या घरावर बसवलेलं अँपिअरचं छोटं मीटर. चावी फिरवून किक हाताने सावकाश दाबायची. पॉइंट मिटले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा नाचतो आहे म्हणजे बॅटरी, फ्यूज, चावी, कॉईलची जाड तार आणि पॉइंट, एवढी सगळी साखळी शाबूत. काटा हललाच नाही, तर ठिणगी शोधत प्लगकडे जायची गरजच नाही. पाना हातात न घेता अर्धी गाडी तपासून होते. पुढच्या गाड्यांनी पॉइंटबरोबर हे मीटरही घालवलं, याचं मला वाईट वाटतं.

पुढे बहुतेक छोट्या गाड्यांत पॉइंटची जागा सीडीआयने घेतली. कल्पना जुनीच: कंडेन्सर भरून ठेवायचा आणि नेमक्या क्षणी तो कॉईलमध्ये रिकामा करायचा. निकोला टेस्लाने अशा पद्धतीचं पेटंट १८९८ मध्येच घेतलं होतं. सीडीआयमधला कंडेन्सर दोनशे ते चारशे व्होल्टपर्यंत भरतो, म्हणून उघड्या सीडीआयच्या तारा हाताळताना सांभाळावं.

हे झालं यंत्र. आता गॅरेजमध्ये चला.

गाडी सुरू होत नाही. पोऱ्या प्लग पाना लावतो, प्लग काढतो, परत टोपीत खोचतो, त्याची धातूची बाजू हेडच्या फिनला टेकवतो आणि किक मारतो. ‘चट’ आवाज, निळी ठिणगी. “काका, करंट आहे.” काका मान वर न करता म्हणतात, “मग कार्बोरेटर उघड.” महाराष्ट्रात रोज किती कार्बोरेटर या एका वाक्यावर उघडले जात असतील, देव जाणे. त्यातले बरेच विनाकारण.

कारण आकडे असं सांगतात. प्लगची फट ०.७ मिलिमीटर धरू. उघड्या हवेत तेवढी फट ओलांडायला साधारण ३,००० व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा आतली हवा दाबली जाऊन नवाची एक झालेली असते, कोंदलेली असते. हवा जितकी दाट, तितकी ती विजेला अडवते. तिथे तीच फट ओलांडायला दहा-बारा हजार व्होल्ट लागतात. कॉईल म्हातारी झाली आहे, टोपी गळते आहे, आणि प्लगपर्यंत फक्त ६,००० पोचतात, अशी कल्पना करा. बाहेर काढलेला प्लग झकास ठिणगी देणार, कारण त्याला हवे होते तीन हजार. आत घातला की मुका. पोऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. त्याने वेगळ्याच परीक्षेचा निकाल सांगितला.

म्हणून प्लगच्या फटीवर विश्वास न ठेवता मोठ्या फटीचा स्पार्क टेस्टर वापरावा. त्याची फट सहा-सात मिलिमीटर ठेवली तर उघड्या हवेतही दहा हजारांच्या वर मागणी जाते. ती उडी ठिणगी मारत असेल, तरच “करंट आहे” म्हणावं. हे हत्यार महाग नाही, आणि तरी दहातल्या नऊ गॅरेजांत मी पाहिलेलं नाही. ठिणगीचा रंग निळा की नारिंगी यावर गॅरेजमध्ये मोठे वाद होतात. मी रंगापेक्षा लांबी मानतो. उन्हात रंग दिसतोच कुठे?

याच आकड्यांत एका नेहमीच्या तक्रारीचं उत्तर आहे. गाडी सपाटीला उत्तम चालते, कसाऱ्याचा किंवा खंबाटकीचा चढ लागला, ॲक्सिलरेटर पिळला, की मिसिंग. पेट्रोल कमी पडतं म्हणून कार्बोरेटर उघडला जातो. पण ॲक्सिलरेटर पिळणं म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा भरणं. हवा जास्त, म्हणजे दाबल्यावर दाटपणा जास्त, म्हणजे ठिणगीला लागणारे व्होल्ट जास्त. सपाटीला सात-आठ हजारांत भागत होतं, घाटात बारा मागितले गेले. राखीव साठा तिथे उघडा पडला. फट वाढलेला प्लग आणि गळकी टोपी यांची पहिली कुरकुर चढावरच ऐकू येते. पेट्रोलचा दोषही असू शकतो, पण प्लग आधी बघायला पाच मिनिटं लागतात आणि कार्बोरेटरला तासभर.

ठिणगीच्या आत काय घडतं, त्याचे आकडे तर अंगावर येतात. फट फुटते तो क्षण सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजायचा. दहा-वीस अब्जांश. तेवढ्या वेळात, केसाएवढ्या वाटेत, तापमान ६०,००० केल्विनपर्यंत जातं. सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० केल्विनच्या आसपास आहे. तुमच्या दोन पायांच्या मध्ये, ४,००० फेऱ्यांना सेकंदाला सदुसष्ट वेळा, सूर्याच्या दहापट. लगेच ते खाली येतं, आणि सीडीआयची ठिणगी शंभरेक मायक्रोसेकंदांत विझून जाते. पॉइंटवाली जुनी ठिणगी दहापट जास्त रेंगाळते. नवी ठिणगी तल्लख असते, जुनी चिवट.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीची कसरत वेगळीच. तिच्या टोकावर क्षणभर दोन हजार अंशांहून गरम ज्वाळा, आणि मग लगेच बाहेरून आलेलं थंड मिश्रण. ६,००० फेऱ्यांना हा उन्हाळा-हिवाळा सेकंदाला पन्नास वेळा. तिचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांच्या मध्ये राहिलं पाहिजे. साडेचारशेच्या वर गेलं की त्याच्यावर बसलेली काजळी आपोआप जळते. साडेआठशेच्या वर गेलं तर ठिणगीची वाटच न बघता मिश्रण पेटायला लागतं. घरापासून डेअरीपर्यंत आणि परत, एवढीच रोजची फेरी असलेल्या गाडीचा प्लग साडेचारशेला पोचतच नाही. तो काळा होतो. मालक म्हणतो, गाडी तर फारशी चालवतच नाही, खराब कशी झाली? खराब झाली ती न चालवल्यानेच.

प्लग किती गरम राहावा ते त्याच्या नंबरात लिहिलेलं असतं, आणि इथे एक सापळा आहे. एनजीकेच्या प्लगचा आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशच्या प्लगचा आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. अगदी उलट. दुकानदाराने “हाच बसतो” म्हणून दुसऱ्या कंपनीचा ‘आठ नंबर’ हातात दिला, तर आटे बसतील, गाडीला तो मानवेलच असं नाही.

काळा प्लग ठिणगी कशी खातो, ते समजायला मल्टिमीटर काढावा लागतो. कॉईलच्या जाड तारेचा रेझिस्टन्स एक-दोन ओहमच्या आत, सीडीआयवाल्या गाड्यांत तर कधी अर्धा ओहम. बारीक तारेचा काही हजार. टोपीत बसवलेला बहुधा ५,००० ओहमचा, शेजारच्या घरातल्या रेडिओत खरखर होऊ नये म्हणून. पिकअप कॉईलचा दीडशे-दोनशे. आणि चांगल्या प्लगच्या चिनी मातीचा? कोट्यवधी ओहम. म्हणजे हातभर लांबीच्या वायरीत, एकाच मीटरने, अर्ध्या ओहमपासून कोटींपर्यंत मोजायचं आहे. पहिला आकडा मोजताना मीटरच्या पिनांचा स्वतःचा रेझिस्टन्सही वजा करावा लागतो, नाहीतर चांगली कॉईल खराब ठरते. शेवटचा मोजताना प्लगला दोन बोटं लावलीत तर मीटर तुमच्या अंगाचा रेझिस्टन्स दाखवतो.

काजळी ही विजेला वाट देते. कोटींचा रेझिस्टन्स लाखांवर आला की कॉईल जे व्होल्ट चढवू बघते ते फट ओलांडण्याआधी काजळीवरून घसरून जातात. पावसाळ्यात टोपीत शिरलेलं पाणी हेच करतं. टोपीचं रबर एकदा का चिरलं, की २०,००० व्होल्ट सेंटिमीटरभर हवा सहज ओलांडून हेडवर उडी मारतात. उडीच्या वाटेवर कोळशाची बारीक रेघ उमटते, आणि पुढच्या वेळी ती रेघ आणखी सोपी वाट होते. ऊन पडलं तरी ही वाट जात नाही. रात्री दिवे घालवून, गाडी चालू ठेवून, टोपीवर आणि वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळे किडे वळवळताना दिसले तर बिघाड सापडला. माझ्या मते यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची तपासणी दुसरी नाही. फक्त पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करू नये.

वेळेचा हिशेब आता राहिला. ६,००० फेऱ्यांना क्रँकचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो. त्याचा एक अंश म्हणजे २८ मायक्रोसेकंद. पापणी लवायला लागतो त्याच्या हजारो पट कमी वेळ, आणि ठिणगी चार-पाच अंश मागेपुढे झाली तर चालवणाऱ्याला लगेच कळतं: गाडी ओढत नाही, किंवा किक उलटी मारते.

ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच का पाडतात, तेही आकड्यांतून कळतं. स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर. शांत मिश्रणात पेट्रोलची ज्योत सेकंदाला जेमतेम ४० सेंटिमीटर सरकते. त्या चालीने ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला पोचायला एकअष्टमांश सेकंद लागेल, आणि तेवढ्यात क्रँक बारा वेळा फिरून मोकळा झालेला असेल. इंजिन चालतं ते आतल्या घुसळणीमुळे. ज्योतीचे तुकडे तुकडे होऊन ती सेकंदाला पंधरा-वीस मीटर धावते. तरीही दोन मिलिसेकंद जातातच, आणि ६,००० फेऱ्यांना दोन मिलिसेकंद म्हणजे ७२ अंश. म्हणून ठिणगी आधी पाडायची, वेग वाढेल तशी आणखी आधी. याच दोन मिलिसेकंदांत कपात करायला बजाज ऑटोने २००३ मध्ये पल्सरला दोन प्लग दिले, आणि २०१२ च्या २०० एनएसला तीन. ज्योतीला चालायचं अंतर कमी. अर्थात तपासायचे प्लगही तीन, आणि एखादा मेला तर गाडी उरलेल्यांवर रेटते, मालकाला वाटतं ॲव्हरेज पेट्रोलपंपवाल्याने घालवलं.

हा सगळा नेमकेपणा मॅग्नेटच्या कडेवरच्या एका उंचवट्यावर अवलंबून असतो. मॅग्नेट ११ सेंटिमीटर व्यासाचा धरला तर ६,००० फेऱ्यांना त्याची कड ताशी १२४ किलोमीटर वेगाने पिकअपसमोरून जाते, अंतर एक मिलिमीटरच्या आत. या कडेवर एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश. मॅग्नेट जागेवर धरणारी अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी थोडी जरी कापली गेली, तर मॅग्नेट दोन-तीन मिलिमीटर सरकतो. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशन आहे, आणि गाडी फक्त फटफट करून उलटी किक मारते. अशा गाडीत तीन सीडीआय बदललेले मी पाहिले आहेत.

सीडीआयची ही नेहमीची कहाणी. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो बंद डबा आहे, त्याच्या आत बघता येत नाही, म्हणून त्याच्यावर संशय घेणं सोपं. पण त्याच्यात हलणारा, घासणारा, झिजणारा एकही भाग नाही. झिजतं ते दुसरंच. प्लगची फट हजार किलोमीटरला साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर वाढते. हजार किलोमीटर म्हणजे साठ लाख ठिणग्या. भागाकार करून बघा: शंभर ठिणग्यांमागे निकेलच्या अणूंचा सरासरी एकच थर जातो. दीड सेकंदात एक अणूचा थर! आणि तरी १२,००० किलोमीटरला, सात कोटी ठिणग्यांनंतर, फट डोळ्यांना कळण्याइतकी वाढलेली असते.

दुसरं झिजतं ते हँडलच्या मानेतलं वायरिंग. दिवसाला हँडल शंभर वेळा वळतं असं धरलं, तरी दहा वर्षांत साडेतीन लाखांहून जास्त वेळा ती वायर दुमडते. इंजिन बंद करणाऱ्या कट-ऑफ बटणाची तार तिथूनच जाते. तिचं आवरण फाटून ती बॉडीला लागली की बऱ्याच गाड्यांत ठिणगी तत्काळ बंद. लक्षण पक्कं: डावीकडे वळलं की गाडी बंद, सरळ केलं की चालू. गाडी चालू ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचं, एवढीच तपासणी.

गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होणारी गाडी मात्र भल्याभल्यांना रडवते. गार असताना मोजाल तर सगळे आकडे बरोबर. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. २०० ओहमचा पिकअप ६० अंशांनी तापला की २४७ च्या आसपास दाखवणार, आणि तो बिघाड नव्हे. बिघाड म्हणजे गरम असताना आकडाच न येणं, आत कुठेतरी तुटलेली तार फुगून सुटणं. अशी गाडी बंद पडताक्षणी, रस्त्याच्या कडेला, हात भाजत मोजावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये मोजलेले आकडे कचऱ्यात टाकावेत.

तेव्हा गाडी बंद पडली की आधी कट-ऑफचं बटण बघा. लाजू नका, सगळ्यांचं ते कधी ना कधी दाबलं गेलेलं असतं. नव्या गाड्यांत साइड स्टँडचा स्विचही बघा. मग फ्यूज, मग बॅटरीचे व्होल्ट, कारण बऱ्याच गाड्यांचा सीडीआय बॅटरीवरच चालतो. मग नवा प्लग. मग टोपी. वायरचं टोक काळं पडलं असेल आणि वायर पुरेशी लांब असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून टोपी पुन्हा पिळून बसवा. मग हँडलची मान, मग पिकअप आणि कॉईलचे ओहम. एवढं सगळं करूनही ठिणगी आली नाही, तरच मेकॅनिकला सीडीआयचं नाव काढू द्या. आणि पहिल्या पावसाच्या आधी एक नवा प्लग आणि एक नवी टोपी डिकीत टाकून ठेवा. दोन्ही मिळून पेट्रोलच्या अर्ध्या टाकीपेक्षा स्वस्त पडतात.